सहावा फेरा

आधीच सांगते. हे खरं आहे.

मी अठ्ठावीस वर्षं सौंसरच्या शाळेत शिकवून राहिली. पोरांना वर्गात उभं करून सांगितलं आहे मी, "भूत-बित काही नसतं, पाढे पाठ करा!" त्यामुळे तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा. मी पण हसलीच असती.

या पेजवर लोक अमावस्येच्या गोष्टी टाकतात. माझ्या गोष्टीत अमावस्या नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. दोन ते चार. बायांची भांडी-कुंडी आटोपून हात रिकामे होतात ना, त्या वेळेला.

जागा... मध्य प्रदेशातलं सौंसर, आमचं घर, मागची खोली.

दिवस... यंदाची अक्षय तृतीया.

हे पेज माझी पोरगी तृप्ती वाचायची. तिच्याच मोबाईलवरून लिहून राहिली. आता पण दुपारच आहे. दुपारीच का लिहून राहिली, ते शेवटी सांगते.

माझं नाव नलिनी. मिस्टर वीरेंद्र सरकारी नोकरीत. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा त्यांची बदली तिकडे झाली. सकाळी नऊच्या बसनं जातात, रात्री आठला येतात. एकच पोरगी, तृप्ती. बावीस वर्षांची. नागपूरला कॉलेजात कापड आणि धाग्याची कला शिकते.

मी चिडवायची तिला. "एवढी फी भरून शिवणकामच शिकून राहिली ना वं?"

"शिवणकाम नाही आई. कापडातून आपली गोष्ट सांगायची."

"मग तेच तं! बाया काय करतात दुसरं?"

शेवटच्या वर्षाला तिला एक मोठं काम करायचं होतं. जून महिन्यात प्रदर्शन. विषय तिनं स्वतःच घेतला... मी कोण?

हसू नका. पोरीला खरंच लागलं होतं ते. नागपूरच्या हॉस्टेलमध्ये पोरी तिला 'एमपीवाली' म्हणायच्या. तिच्या मराठीत हिंदी आली की दात काढायच्या. आणि छिंदवाड्याला गेलं की तिथले म्हणायचे, "आप लोग तो महाराष्ट्र के हो ना?" एकदा जेवता जेवता तिनं विचारलं, "आई, मी नेमकी कुठची?"

मी म्हटलं, "सौंसरची. जेव."

असं उत्तर द्यायला नको होतं. पोरगी काहीतरी खरं विचारून राहिली होती.

आता गोधडीचं सांगते.

आमच्या घरी एक गोधडी आहे. ती कोणी पांघरत नाही. लोखंडी पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली असते. घरातली बाई गेली की तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ती गोधडी काढतात. गेलेल्या बाईचं लुगडं तिच्यावर नवा थर म्हणून अंथरतात. तिच्या पदराचा एक तुकडा बरोबर मधात ठेवतात. मग दुपारी घरातल्या बाया जमतात आणि काठापासून आत, चौकोनी फेरे घालत शिवत येतात.

एका बाईचा एक फेरा.

सुरू केलेलं काम अर्धवट ठेवायचं नाही. एकटीला जमत नसेल तर दुसरीनं येऊन बसायचं, बोलावणं नसलं तरी.

आणि शेवटचा फेरा, मधल्या तुकड्याला लागून असतो तो, सगळ्यात जवळच्या बाईनं घालायचा. गाठ तिनंच मारायची. गाठ मारताना म्हणायचं, "बस माय, तुझी जागा झाली."

माझ्या सासूबाई गेल्या, तेव्हा ती गाठ मी मारली होती.

टाका म्हणजे अक्षर असतं बरं का. नाव न वाचता मी वही ओळखते कोणाची ती. तसंच. माझ्या सासूबाई शकुंतलाबाई, त्यांचा टाका तिळाएवढा. चुलतसासू वत्सलाकाकूंचे टाके लांब, घाईचे, आणि दोरा त्या दातानं तोडायच्या. माझी नणंद मीना डावखुरी, तिचा टाका उलट्या बाजूला कलायचा. ती तृप्तीच्या जन्माआधीच गेली. आणि मी कोपऱ्यावर दोनदा टाका घालते. खोडच आहे माझी.

सगळ्यात खालच्या थराचे टाके कोणाचे, ते मात्र कोणाला ठाऊक नाही. तीन बारीक, एक लांब... तीन बारीक, एक लांब. ती बाई कोण, कुठून आली, नाव काय... काही नाही. टाके तेवढे राहिले.

यंदा सुट्टीत घरी आली तेव्हा तृप्तीनं ती गोधडी नीट पाहिली आणि वेडीच झाली. एका काठाची शिवण उसवून तिनं एकेका थराचे फोटो काढले. "आई, ही काटोलची, ही वरूडची, ही नरखेडची. सगळ्या दुसरीकडून आल्या आणि इथं एकावर एक झोपल्या. हेच माझं उत्तर आहे!"

मग म्हणाली, यावर माझा थर घालते. कॉलेजच्या मागावर स्वतः विणलेलं पांढरं कापड होतं तिच्याकडे. मधात स्वतःच्या एखाद्या कपड्याचा तुकडा लावायचा. खडूनं सहा फेरे आखायचे. पहिला तेवढा शिवायचा आणि बाकी पाच रिकामे सोडायचे.

"अर्धवटच ठेवायचं आई. मी पूर्ण कुठं झाली अजून?"

प्रदर्शनात लोकांना आवडलं असतं ते. मला पण आवडलं.

बोरगावला मिस्टरांची आत्या राहते. मनकर्णाआत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची, पण जीभ शाबूत. तिनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "नलिनी, जित्या माणसाचं कापड मधात ठेवत नसतात वं."

मी म्हटलं, "आत्याबाई, शिकलेले लोक आहोत आपण. ते सगळं जुनं झालं."

आणि मी स्वतः उठून कपाटातून तृप्तीचा पहिल्या वाढदिवसाचा पिवळा फ्रॉक काढला. पांढुर्ण्याच्या बाजारातून घेतलेला. एकवीस वर्षं जपून ठेवला होता.

कात्री पण मीच चालवली.

त्या दिवशी अक्षय तृतीया होती. आमच्याकडे या दिवशी पितरांना जेवायला घालतात. सकाळी घागर भरली, वडे, कुरडया, पन्हं असं पान वाढलं, आणि हात जोडून म्हटलं, "या, जेवा."

दुपारी दोन वाजता तृप्ती गोधडीवर बसली. लाल दोऱ्यानं पहिला फेरा घातला. चारला उठली. मोबाईलवर फोटो काढला आणि गोधडी तशीच अंथरलेली ठेवली.

म्हणजे बघा. सकाळी बोलावलं आम्हीच. आणि दुपारी त्यांच्यापुढे काम अर्धवट टाकून उठलो पण आम्हीच.

तिसऱ्या दिवशी तृप्तीनं हाक मारली.

"आई, तू शिवलं का हे?"

मी गेली. खडूच्या दुसऱ्या रेघेवर पूर्ण फेरा शिवलेला होता. लाल दोरा.

"मी कायले शिवू? मला वेळ आहे का?"

तृप्ती खाली वाकली. बोटानं मोजत गेली. मग माझ्याकडे पाहिलं.

तीन बारीक... एक लांब.

तीन बारीक... एक लांब.

मला वाटलं पोरगी थट्टा करून राहिली. तिला वाटलं मी. दोघी एकमेकींवर चिडलो आणि विषय संपला.

त्या रात्री तृप्तीनं कूलर बंद करायला लावला. पंचेचाळीस डिग्रीत. म्हणे थंडी वाजून राहिली.

चार दिवसांनी मी दुपारी भांडी घासून राहिली होती. तृप्ती पुढच्या खोलीत झोपली होती. हल्ली दोन वाजले की झोपायचीच. सरळ, उताणी, हात अंगाला चिकटवून.

नळ बंद केला आणि लक्षात आलं...

बाहेर चिमण्या नाहीत. बाजूवाल्यांचा टीव्ही नाही. कूलरचं पाणी ठिबकत नाही.

मग मागच्या खोलीतून आवाज आला.

टुक... सर्रर्र.

ज्यानं जाड गोधडी शिवली असेल त्याला तो आवाज समजतो. सुई थरांतून बाहेर निघते, टुक. मग दोरा ओढला जातो, सर्रर्र.

टुक... सर्रर्र.

मी दार ढकललं. खोलीत कोणी नाही. गोधडी अंथरलेली. तिसरा फेरा पुरा झाला होता. टाके लांब, घाईघाईचे. दोऱ्याचं टोक मी हातात धरलं.

टोक ओलं होतं.

वत्सलाकाकूंना जाऊन नऊ वर्षं झाली.

मी घाबरली, खोटं कशाला बोलू? कात्री घेतली आणि तो पिवळा तुकडा मधून काढायला बसली. तृप्तीनं त्याला चार कच्चे टाके घातले होते, बस. पहिला टाका कापून तुकडा ओढला...

पुढच्या खोलीतून आवाज आला.

"आई, ओढू नको."

धावत गेली. तृप्ती गाढ झोपली होती. तिच्या ओढणीवर, छातीपाशी, रक्ताचा एक थेंब होता. मी मागं येऊन तो टाका परत घातला.

रात्री मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "नलू, तूच झोपेत शिवत असशील. सगळ्यांचे टाके तुला येतात." आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पोरीला घेऊन नागपूरला गेलो. तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. रक्त, डोकं, छाती, सगळं तपासलं. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, खाऊ-पिऊ घाला.

घरी आलो तर चौथा फेरा झालेला.

कुलूप होतं घराला. टाके उलट्या बाजूला कललेले.

त्या संध्याकाळी तृप्तीला थोडी हुशारी आली. उशीला टेकून बसली. मी तिला भाताची पेज भरवत होती. मधातच म्हणाली, "आई, मीनाआत्या डावखुरी होती ना?"

"कोणी सांगितलं तुला?"

"तिनं सुई कशी धरायची ते दाखवलं. सगळ्या तिथंच असतात दुपारी." मग पेजेचा चमचा बाजूला सारला. "आई, मी कुठची ते त्या विचारतच नाहीत मला. म्हणतात, सरकून बस गं, जागा आहे."

आणि हसली. या दोन वर्षांत एवढी मोकळी हसलेली मी तिला पाहिली नव्हती.

मी मोरीत जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाआत्याला गाडीनं आणलं. तिनं गोधडी पाहिली, फेऱ्यांवरून हात फिरवला.

"मी सांगतलं होतं ना वं तुले?"

"आत्याबाई, बोलणी मागून देजा. आता काय करू ते सांगा. या काऊन माझ्या पोरीच्या मागे लागल्या?"

"मागं नाई लागल्या वं. मधात कापड दिसलं. त्याईले वाटलं, घरची पोट्टी गेली. एकटी माय काय काय करीन, म्हून मदतीले आल्या बिचाऱ्या."

कोणी वैरी असता तर भांडली असती. या तर माझ्या घरच्या बाया. यातल्या दोघी माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागलेल्या.

"जाळून टाकू का गोधडी?"

"मेलेल्या माणसाचं काय करतात?"

"नदीत सोडू?"

"अन् राखंचं काय करतात?"

पुरायचं मी विचारलंच नाही.

"मग त्यांना सांगते मी. पोरगी जिवंत आहे म्हणून सांगते."

आत्यानं डोळे पुसले. "सांग. आयकल्या तं आयकल्या."

दोन वाजता मी मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करते मी. तेवढ्या जोरात ओरडली, "सासूबाई! तृप्ती जिवंत आहे! माझं लेकरू जिवंत आहे! हात लावू नका! उठा सगळ्या!"

एकदम शांत झालं.

मला वाटलं, ऐकलं. मी तिथंच भिंतीला धरून खाली बसली.

मग डोक्यावर काहीतरी जाणवलं. कोणीतरी केसांवरून हात फिरवून राहिलं होतं. हळूहळू. पोरगं गेलेल्या बाईच्या डोक्यावरून फिरवतात ना... तसा.

आणि समोर, गोधडीवर...

टुक... सर्रर्र.

पाचवा फेरा. तिळाएवढे टाके.

त्या दिवसापासून तृप्ती बोलली नाही. डोळे उघडते, पाणी पिते, कधी पेजेचे दोन चमचे. हाक मारली की बघते, पण माझ्या खांद्याच्या मागे बघते. अंग थंड. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून जातात. मी शाळेत रजा टाकली. प्रदर्शन होऊन गेलं. तिच्या मैत्रिणीचा फोन आला होता, मी उचललाच नाही.

आता राहिला सहावा. शेवटचा.

आत्यानं जाताना सांगितलं. "तो फेरा त्याईच्या हातचा नाई. तो मायचा. तू नाई घातला तं नाई होणार."

म्हणजे माझ्या हातात होतं! मला केवढा धीर आला म्हणून सांगू. मी घरातल्या सगळ्या सुया गोळा केल्या. मशीनच्या, हाताच्या, पिना सुद्धा. दोऱ्याची रिळं, अंगुस्तान, कात्र्या. सगळं पिशवीत बांधून आत्यासोबत बोरगावला पाठवलं. मागच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली मिस्टरांच्या खिशात.

चार दिवस काही झालं नाही. तृप्तीनं अर्धी वाटी पेज खाल्ली. तिचे पाय मला कोमट लागले. मिस्टर म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आम्ही दोघं कितीतरी दिवसांनी सोबत जेवलो.

पाचव्या दिवशी दुपारी मी तृप्तीच्या बाजूला खुर्चीवर बसली होती. रात्ररात्र जागरण, कितीक जागणार माणूस? डोळा लागला. पंधरा मिनिटं असेल, वीस असेल.

जाग आली...

मी मागच्या खोलीत बसली होती. मांडी घालून. गोधडी माझ्या मांडीवर. बोटात अंगुस्तान. हातात सुई, ओवलेली. कुलूप दारालाच लटकून होतं, उघडं.

सहाव्या रेघेवर एक बाजू शिवून झाली होती. कोपऱ्यावर...

कोपऱ्यावर दोनदा टाका.

रात्री मिस्टरांनी पाहिलं. किल्ली त्यांच्याच खिशात होती. माझ्या बोटाला सुई टोचल्याच्या खुणा होत्या, त्या त्यांनी मोजल्या आणि हात धरून बसले. आता दुपारची सुटी टाकून ते घरी येतात, पण रोज नाही जमत. दोनदा ते घरी असताना पण झालं. ते म्हणतात, "मी तुला धरूनच होतो गं. मला फक्त डुलकी लागली."

सुई फेकली, दुसरी येते. दुसरी फेकली, तिसरी येते. तीन बाजू झाल्या.

एक बाजू राहिली. वीतभर असेल.

मला एवढंच समजलं की हात रिकामे असले की होतं. म्हणून दोन ते चार मी हात रिकामे ठेवत नाही. वर्षभराचे गहू निवडले. संपले. लसूण सोलला, एवढा की सडला. पोरांच्या जुन्या वह्या काढून परत तपासल्या, लाल पेन संपला. शेजारणीचे तांदूळ मागून आणून निवडले, ती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघून गेली.

मग काल तृप्तीचा मोबाईल दिसला. त्यात हे पेज उघडं होतं. म्हटलं, लिहायला घेऊ. सगळं नीट, पहिल्यापासून, हळूहळू लिहू. दोन दुपारी तरी जातील.

काल गेली एक. आज मिस्टरांची मीटिंग आहे, ते यायचे नाहीत.

तृप्ती समोर झोपली आहे. श्वास चालू आहे, मी दर दोन ओळींनंतर बघून राहिली. पोरी, मी तुला 'जेव' म्हटलं होतं ना, ते नको होतं म्हणायला. तू कुठची ते मला ठाऊक होतं. तू माझी. तेवढंच सांगायचं होतं. तेव्हा तोंडाला आलं नाही.

बाहेर आत्ता चिमण्या होत्या. आता ऐकू येत नाहीत.

शेजारचा टीव्ही पण...

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली. चार वाजायला पन्नास मिनिटं बाकी आहेत.

माझं लिहायचं सगळं लिहून झालं.